क्लेमांसचं आडनाव

पुलावर क्लेमांस गेली आणि मला रडू आवरेना. तिसऱ्यांदा वाचत असले तरी शेवटची पानं घरी, दार लावून, कोणी हाक मारणार नाही अशा वेळी वाचायची असं मी पक्कं ठरवलं होतं. पण टॅक्सीत खिडकीजवळची जागा मिळाली, पुढे मासळीच्या गाड्यांनी पूल अडवून धरला, आणि पुस्तक मांडीवर होतं. मांडीवर असलेलं पुस्तक न उघडणं मला जमत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तर क्लेमांस गेली. पावसात धक्क्यावर उभी राहून राहून तिच्या अंगात ताप भरला, कोणीतरी तिची खिडकी बाहेरून लोटून घेतली, आणि पुस्तक संपलं. मी नाक ओढलं. नुसतं ओढून भागलं नाही. शेजारी कांद्याची पिशवी मांडीवर घेऊन एक काका बसले होते. मला कांदा झोंबला असेल असं वाटून त्यांनी आधी पिशवी पलीकडे सरकवली, मग माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि हळूच विचारलं, "कोण गेलं, पोरी?" अशा वेळी माणसाने खरं बोलावं. पुस्तक वाचतेय, काका, एवढंच तर म्हणायचं होतं. माझ्या तोंडून आलं, "क्लेमांस." "ख्रिश्चन होती?" मी मान हलवली. "वयस्कर?" "अठ्ठावीस." काकांनी च्च केलं. "मूलबाळ?" "नाही." ड्रायव्हरने रेडिओ बंद केला. पुढच्या सीटवरची बाई मागे वळली, गाडीतले सगळे हात एकदम वर झाले, तळवे उघडले गेले, आणि सेनेगलच्या त्या चार अनोळखी माणसांनी माझ्या क्लेमांससाठी दुआ मागितली. "मान वर ठेव, पोरी," काका म्हणाले. "तुमचीही मान वर राहो," मी म्हणाले, जसं म्हणायचं असतं तसं. एवढं झाल्यावर पुस्तकाचा विषय काढणं फारच वाईट दिसलं असतं.

काका पुलापलीकडच्या सोर वस्तीत माझ्या आधी उतरले, आणि आमच्या न्दारमध्ये बातमी गाडीपेक्षा लवकर पोचते. नकाशावर गावाचं नाव सेंट लुई आहे, पण त्या नावाने बातमी फिरत नाही. मी आत्याच्या वेण्यांच्या दुकानाशी पोचले तेव्हा आत्या डोक्यावर पांढरं फडकं घेऊन दारातच उभी होती. अंता गेय, माझ्या बाबांची मोठी बहीण. आमच्यात आत्या म्हणजे दुसरा बाप, फक्त आवाज पहिल्यापेक्षा मोठा. तिने मला छातीशी धरलं, पाठीवरून हात फिरवला, आणि मग कानाशी विचारलं, "कुठली गं ही क्लेमांस? सिस्टरांच्या शाळेतली?" आता मात्र खोटं बोलायला जागा नव्हती. मी पिशवीतून पुस्तक काढून दाखवलं. आत्याने पुस्तकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरचं फडकं काढलं आणि त्याची शांतपणे चौपदरी घडी केली. "म्हणजे मी आत्ता कागदाच्या बाईसाठी पांढरं घेतलं?" आत खुर्चीत सेलबे न्जाय बसली होती, गेत न्दार या कोळीवाड्यातली मासळीवाली, अर्धं डोकं विणलेलं आणि अर्धं पिंजारलेलं. ती अशी हसली की विणलेल्या बाजूच्या दोन बटा सुटून आल्या.

हसायला त्यांचं काय जातंय. मला बारा वर्षांची असल्यापासून हा रोग आहे. बाजाराच्या कोपऱ्यावर जमिनीवर प्लास्टिक पसरून जुनी पुस्तकं विकायला बसतात, तिथे मी अंकगणिताचं पुस्तक आणायला गेले आणि कव्हर नसलेली एक कादंबरी घेऊन आले. त्या दिवसापासून मी राहते न्दारला आणि श्वास घेते त्या दुसऱ्या गावात, जिथे दगडी रस्ते सदा ओले असतात, म्हातारे वकील शेकोटीपुढे पाय पसरून बसतात आणि बायका मृत्युपत्र वाचलं जात असताना हातमोज्याची बोटं ओढत राहतात. शेकोटी मी कधी पाहिलेली नाही. हातमोजे पाहिले ते गॅसवाल्याचे. तरी भांडी घासताना माझ्या मनात भांड्यांची फ्रेंच वाक्यं चालतात, आणि बाबा ओरडले की मी त्यांचं ओरडणं आधी जुन्या कादंबरीतल्या बापाच्या फ्रेंचमध्ये करून बघते. तिथे ते जास्त शोभून दिसतं. पुन्हा तिथून परत आपल्या वोलोफमध्ये आणते, तोवर बाबांचं बोलून झालेलं असतं आणि ते "मारेम, ऐकलंस का?" असं विचारत असतात. मी ऐकलेलं असतं, दोन भाषांमध्ये ऐकलेलं असतं. त्यांना मात्र उत्तर एकाच भाषेत हवं असतं. मागच्या वर्षी त्याच प्लास्टिकवर मला क्लेमांसच्याच कादंबरीचं शाळेतल्या मुलांसाठी केलेलं इंग्रजी भाषांतर मिळालं. उत्साहाने आणलं. त्यात क्लेमांस मरत नाही. औषधाच्या दुकानदाराशी लग्न करते, तिला दोन गुबगुबीत मुलं होतात आणि ती खिडकीत कुंड्या लावते. मला इतका संताप आला की मी दोन दिवस कोणाशी धड बोलले नाही. तेव्हाच मी शपथ घेतली होती, की आपल्या हातून कधी भाषांतर झालंच तर मरणारं माणूस मरेल.

आत्याच्या दुकानात मी मदतीला जायचे ते सणाच्या आधी. मोठ्या ईदच्या आधी न्दारमधली प्रत्येक बाई डोकं विणून घेते, दुकानात खोट्या केसांचे पुंजके, उकळत्या पाण्यात वेण्यांची टोकं बुडवल्यावर येणारा जळका वास, आणि एकेका खुर्चीत पाच पाच तास बसलेल्या, करमणुकीला भुकेल्या बायका. बाबांनी ठरवलेलं होतं की सण झाला की मला डाकारला पाठवायचं, त्यांच्या चुलतभावाच्या ओळखीने हिशेबनीसाच्या कोर्सला. मला जायचं होतं ते आमच्या गावाबाहेरच्या विद्यापीठात, फ्रेंच साहित्याला. बाबा कचेरीत कारकून आहेत. त्यांच्या मते परीक्षा संपल्यावरही वाचत बसणारं माणूस म्हणजे जेवण झाल्यावर हात न धुता ताटावरच बसून राहिलेलं माणूस. त्यांच्याशी वाद घालता येत नाही, कारण ते वाद घालतच नाहीत, चष्मा पुसतात. त्यांचं मन फिरवू शकेल असं माणूस जगात एकच, आणि ते माणूस आत्ता पांढऱ्या फडक्याची घडी करत होतं. "हे बघ," आत्या म्हणाली, "मी नवरा पुरला, दोन भाऊ पुरले. रस्त्यात रडले नाही. तू चार परक्यांच्या गाडीत रडलीस, मला गावभर खोटं पाडलंस. तेव्हा ही बाई कोण ते मला कळू दे. बस तिथे, पाणी उकळत ठेव आणि सांग. तिने मला रडवलं, तर मी अलिऊनशी, तुझ्या बापाशी, बोलते, तुला कुठे हवं तिथे शिक. नाही रडवलं, तर डाकार, आणि पुन्हा या दुकानात पुस्तकाचं नाव नाही." सेलबेमावशी म्हणाली, "मी साक्षीला." मी मनातल्या मनात आधीच विद्यापीठाच्या वर्गात जाऊन बसले. क्लेमांसने दगडाला पाझर फोडला असता. आत्या तर माणूस होती, निदान तसं म्हणतात.

मी पुस्तक उघडलं आणि पहिलं वाक्य वोलोफमध्ये सांगितलं. पहिलं वाक्य पावसाचं आहे. त्या गावात संपूर्ण महिनाभर पाऊस पडतोय, छपरांवर, चर्चवर, धक्क्यावर, आणि वाचताना अंगावर कसा करडा रंग चढत जातो. "महिनाभर?" सेलबेमावशी खुर्चीत सावरून बसली. "अल्हमदुलिल्लाह." "मावशी, तो पाऊस दुःखाचा आहे." "पाऊस दुःखाचा कसा असेल? महिनाभर पडला म्हणजे ज्वारी बुडाली की काय?" "ज्वारी नाहीये तिथे." "मग रड कसली?" आत्याने तिचं डोकं सरळ केलं, म्हणाली, "सांगू दे तिला." मी पाऊस सोडून दिला. वर्षानुवर्षं मी ज्या पावसात भिजत होते तो दोन वाक्यांत आटला, पण अजून क्लेमांस यायची होती. मी म्हटलं, "त्या गावात क्लेमांस नावाची मुलगी होती. आईबाप नाहीत, मामाकडे वाढलेली." "आडनाव?" आत्याने विचारलं. आता हे खरं म्हणजे मला आधीच कळायला हवं होतं. आमच्यात माणूस भेटलं की पहिल्यांदा आडनाव विचारायचं, ते तोंडाने दोनतीनदा म्हणायचं, मग तब्येत, मग घरचे, मग गाई बकऱ्या असतील तर त्या. आडनावाशिवाय माणूस म्हणजे कान नसलेला चहाचा कप. पुस्तकात क्लेमांसचं आडनाव तीन तुकड्यांचं आहे. ते मी म्हणून दाखवलं. "हे आडनाव झालं की पत्ता?" आत्या म्हणाली. "तिला हाक कशी मारायची आम्ही?" मी घाबरून समोर पाहिलं. समोरच्या शिंप्याच्या पाटीवर जोप लिहिलेलं होतं. "जोप," मी म्हणाले. "क्लेमांस जोप."

सेलबेमावशी न्जाय आहे. मी हे विसरले. मी, जिला एकेका कादंबरीतली घराणी तीन पिढ्या मागेपर्यंत पाठ असतात, मी समोर बसलेल्या बाईचं आडनाव विसरले. न्जाय आणि जोप म्हणजे चेष्टेचे भाऊबंद, कधीपासूनचे ते अल्लाला माहीत. न्जायने जोप पाहिला की त्याला खादाड म्हणायचं, भाताचा चोर म्हणायचं, आपल्या घरचा गुलाम म्हणायचं. जोपाने तेच उलटून न्जायला म्हणायचं. आणि कोणी रागवायचं नाही, रागावला तो हरला. पोलिस अधिकारी न्जाय असला तर गाडी अडवल्यावर जोप ड्रायव्हर हसत सुटतो. लग्नात, बारशात, मौतीला, कुठेही हा हक्क सुटत नाही. सेलबेमावशीच्या चेहऱ्यावर सण उगवल्यासारखा आनंद पसरला. "जोप होय! आधी नाही का सांगायचं. मामाकडे वाढली म्हणालीस? मामा बिचारा. किती भात लागत असेल रोजचा."

तिथून माझ्या क्लेमांसचं काही खरं राहिलं नाही. लेफ्टनंट तिला धक्क्यावर पहिल्यांदा भेटतो तो प्रसंग मी डोळे मिटून सांगितला, कारण तो मला पाठ आहे. तो टोपी काढतो, ती काहीच बोलत नाही, आणि समुद्र बोलतो. "ती बोलेल कशी," सेलबेमावशी म्हणाली, "तोंडात घास होता." दुकान हसलं. तोवर दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं आली होती, त्यांना आत्याने थोडक्यात सांगितलं: "एक जोप आहे, तिचं एका शिपायाशी जमलंय." थोडक्यात सांगितलं की कादंबरी अशी दिसते, हे मला त्या दिवशी कळलं. मग लेफ्टनंट जहाजावर चढतो, वसाहतींकडे जातो, वर्षाने येईन म्हणतो. क्लेमांस दिवसचे दिवस जेवत नाही, ताटातला पाव चिमण्यांना घालते. माझा आवाज इथे नेहमी कापतो. तेव्हाही कापला. "जोप आणि जेवली नाही?" सेलबेमावशीने सगळ्या दुकानाकडे साक्षीसाठी पाहिलं. "हे पुस्तक लिहिणाऱ्याने आयुष्यात जोप पाहिला नाही." आत्या कंगवा तोंडात धरून हसत होती, म्हणजे आवाज येत नव्हता, फक्त तिचे खांदे हलत होते. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते. कोरडे ठणठणीत. मी आवाज चढवला, हुंदके घातले, एक वाक्य तर पुस्तकात नसलेलं घातलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. त्या इंग्रजी भाषांतरवाल्याने तरी कदाचित असंच एका वाक्यापासून सुरू केलं असेल.

दुसऱ्या दिवशी आडनाव बदलून बघायचा विचार मी केला. रात्रभरात क्लेमांस सार झाली, सेक झाली, फाय झाली, पण प्रत्येक आडनावाला गावात कोणी ना कोणी चेष्टेचा भाऊबंद आहेच, आणि सेलबेमावशीची मैत्रीण जेनाबा, जी खास ऐकायला म्हणून आली होती, ती दारातूनच विचारत आली, "जोपांच्या पोरीचं काय झालं?" पोरगी आता गावाची झाली होती. तीन तुकड्यांचं आडनाव घेऊन तिला परत फ्रान्सला पाठवणं माझ्या हातात राहिलं नव्हतं. मग औषधांचा दुकानदार आला, रेशमी शाल घेऊन, गुडघ्यावर बसून. सगळ्या बायका एकदम गंभीर झाल्या. "घर स्वतःचं?" आत्याने विचारलं. "हो." "दुकान?" "चौकात." "आधीची बायको?" "नाही." "मग बघतेय काय ही," आत्या म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचे हात थांबले. "हो म्हणाली ना?" पाणी उकळत होतं, जेनाबाच्या मानेवर अर्धी वेणी लोंबत होती, चौघी माझ्याकडे बघत होत्या. मला त्या इंग्रजी पुस्तकातल्या कुंड्या दिसल्या. एक शब्द पुरला असता. ती हो म्हणाली, दोन मुलं, कुंड्या, सगळ्या खूश. आणि खूश झालेली आत्या कदाचित न रडताही पाघळली असती. "नाही म्हणाली," मी सांगितलं. चौघींनी एकदम उसासा टाकला. आत्या म्हणाली, "मूर्ख आहे." पण ते तिने ज्या सुरात म्हटलं तो सूर मी ओळखत होते, तो सूर ती माझ्यासाठी वापरते.

"पण तो परत का येत नाही?" जेनाबाने विचारलं. मी म्हटलं, पुस्तकात सांगितलेलं नाही, तेच तर त्यातलं मोठेपण आहे, लेखक गप्प राहतो, वसाहतींकडे गेला एवढंच लिहून सोडून देतो. या मोठेपणावर मी शाळेत निबंध लिहिला होता. आत्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "वसाहती म्हणजे?" "म्हणजे... लांब. अनेक होत्या. आशियात होत्या, बेटं होती." "म्हणजे इथे." "आत्या, इथेच असं कुठे लिहिलंय?" "तिकडून जहाज निघालं की पहिलं कुठे लागायचं? इथे उतरला, नदी बघितली, मासे खाल्ले. ज्याला थोडी अक्कल आहे तो पुढे कशाला जाईल?" सेलबेमावशी म्हणाली, "आणि इथल्या बायका बघितल्या." "तेच म्हणतेय. आपल्या नदीतल्या बेटावर तो पिवळा वाडा नाही का, लाकडी सज्जावाला? तिथल्या बाईने असाच एक ठेवून घेतला होता, आमची आजी सांगायची. टोपीवाला. तीन मुलं झाली." "तोच," जेनाबा म्हणाली. "तो कसा तोच असेल?" मी ओरडले. "ते खरं आहे, हे पुस्तक आहे." कोणी लक्ष दिलं नाही. पण दुपारी मी पुस्तक घेऊन नदीकाठी बसले आणि पहिल्या पानापासून शोधलं. तो इथे आला नाही असं एक अक्षर त्यात नव्हतं. मी ती कादंबरी तीनदा वाचली होती, तीनदा त्या धक्क्यावर भिजत उभी राहिले होते, जहाज गेलं त्या दिशेला डोळे लावून; आणि ते जहाज जिथे पोचलं असेल तिथे मी जन्मापासून राहतेय हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. पाण्याकडे बघवेना. मला वाटलं, मी आजवर चुकीच्या किनाऱ्यावर उभी राहून वाचत होते.

ईदच्या आधीच्या शेवटच्या दुपारी क्लेमांसला मरायचं होतं. दुकान गच्च भरलेलं. मी शपथ पाळली. एक शब्द वाढवला नाही, एक कमी केला नाही. जहाज दुसऱ्याच बंदराला लागतं, लेफ्टनंट त्यावर नसतो, तिला कोणी सांगतही नाही. ती धक्क्यावर उभी राहते, ताप येतो, भिंतीवरच्या कागदाची फुलं मोजत पडते, आणि सकाळी कोणीतरी तिची खिडकी बाहेरून लोटून घेतं. संपलं. आत्याचा हात हवेत होता. मला तिच्या डोळ्यांत काहीतरी चकाकताना दिसलं, दिसलंच, मी शपथेवर सांगेन, आणि त्याच क्षणाला सेलबेमावशीने दोन्ही हात गुडघ्यांवर आपटले आणि मोठ्याने म्हणाली, "चला, मामाच्या पातेल्यात आजपासून भात उरेल." कोणीतरी फसकन हसलं. मग जेनाबा. मग सगळं दुकान. आत्या तर खाली बसली, पोट धरून, "अगं नको, अगं बास," म्हणत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसण्याचं पाणी. ते पैजेत धरता येत नव्हतं. मी पुस्तक उचललं आणि बाहेर पडले. मला त्या बायकांचा इतका राग आला होता, आणि त्याहून क्लेमांसची इतकी दया, की ती बिचारी तिकडे पावसात एकटी मेली आणि इकडे उन्हात लोकांनी तिला हसून काढलं. ते मीच तिच्यावर आणलं होतं. पाटी बघून आडनाव दिलं मी.

सण झाला. बकरा झाला, पाहुणे झाले. आत्या बाबांशी बोलली नाही. न रडलेली आत्या बोलणार नव्हतीच, दिलेल्या शब्दाला ती पक्की. बाबांनी चष्मा पुसत सांगितलं की डाकारच्या अर्जाला फोटो लागतो, शनिवारी कचेरीतून लवकर येतो, आत्याच्या दुकानापासून तुला घेतो, स्टुडिओ तिथून जवळ. मी हो म्हटलं. त्या 'हो'चं मी कुठल्याच भाषेत भाषांतर केलं नाही.

शनिवारी दुकानात पाऊल टाकलं आणि दचकले. खुर्च्या भिंतीला लावलेल्या, खाली चटया, आणि आत्या, जेनाबा, त्या दुसऱ्या दोघी, सगळ्यांच्या डोक्यावर पांढरं. सेलबेमावशी मधोमध बसून मोठ्या लाकडी परातीतल्या बाजरीच्या लापशीवर गोड दही ओतत होती. "कोण गेलं?" मी विचारलं. आत्या म्हणाली, "भानावर आहेस का? आज आठवा दिवस." "कोणाचा?" "कोणाचा म्हणजे? जोपांच्या पोरीचा." मी तिथेच दाराशी टेकले. "आत्या, ती पुस्तकातली आहे." "ते तू पहिल्या दिवशीच सांगितलंस. मी काय बहिरी आहे? पण तूच म्हणालीस ना, खिडकी लोटली आणि संपलं. तिसऱ्याला कोणी बसलं का तिकडे? आठव्याला? आणि तिचा माणूस होता कुठे? इथे, सज्जात, आपल्या गावच्या बाईच्या हातचं खात. ज्या गावाने माणूस ठेवून घेतला त्याने एवढं तरी करायला नको? बस. आणि ते पुस्तक हातात नाचवू नकोस, दही सांडेल." "पण तुम्ही हसलात," मी म्हणाले, आणि माझा आवाज लहान मुलीसारखा निघाला. सेलबेमावशीने ओतणं थांबवलं. "जोपाच्या मौतीला न्जाय हसणार नाही तर कोण हसणार? परका? घरच्यांच्याने त्या दिवशी हसवत नाही म्हणून तर आम्हाला बोलावतात. बाहेरची असती तर गप्प नसते का बसले?" एवढं बोलून तिने स्वतःच्या वाडग्यात दोन पळ्या जास्त वाढून घेतल्या, मानाच्या म्हणून. मी खाली बसले. मी क्लेमांसला तीनदा वाचलं होतं आणि चौथ्यांदा सांगितलं होतं, प्रत्येक वेळी डोळे सुजवून घेतले होते, आणि एकदाही तिच्याकडे बसायला जावं असं मला सुचलं नव्हतं. आता मात्र मला मोकळं रडू आलं. जेनाबाने पाठ थोपटली. "मान वर ठेव," ती म्हणाली.

आणि बाबा आले. दारातून त्यांना चटया दिसल्या, पांढरी फडकी दिसली, रडणारी मी दिसले. त्यांनी काही विचारलं नाही. चपला काढल्या, चटईच्या कडेला बसले, तळवे उघडून पुटपुटत दुआ केली, लांबलचक केली, आणि तळवे तोंडावरून फिरवले. "मान वर ठेवा," ते म्हणाले. "तुमचीही वर राहो," आम्ही सगळ्या म्हणालो. सेलबेमावशीने त्यांच्या हातात वाडगा दिला. "कोणाकडची?" त्यांनी हळू विचारलं. "जोपांकडची. तरुण होती," आत्या म्हणाली. "कशाने?" "वाट बघून." बाबांनी चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, "मागे कोण आहे तिच्या?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या एका गोष्टीत मला कोणी मदत करू शकत नव्हतं, पुस्तक फक्त मी वाचलेलं होतं. "कोणी नाही, बाबा." "असं कसं कोणी नाही," बाबा म्हणाले, थोडे रागावूनच. "आपण बसलोय ना."

मला त्यांना फसवता येईना. "बाबा, ती पुस्तकातली आहे." आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर मेली असती. बाबांनी चष्मा काढला. आपल्या उघड्या तळव्यांकडे पाहिलं. मी मनात त्या म्हाताऱ्या फ्रेंच बापाची वाक्यं जुळवायला लागले, पण ती जुळेनात. बाबांनी चष्मा पुसला, परत घातला, आणि वाडगा उचलला. "तिचा माणूस कुठे होता?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आत्या आणि सेलबेमावशी एकदम सुरू झाल्या, सज्जा, पिवळा वाडा, टोपी, तीन मुलं. मध्येच जेनाबाने औषधांचा दुकानदार आणला आणि त्याच्यावरून वाद लागला, बाबा दुकानदाराच्या बाजूचे निघाले. पुष्कळ वेळाने त्यांनी मला विचारलं, "तिथे विद्यापीठात हेच शिकवतात?" "हो." "आणि त्या बाकीच्या पुस्तकांमध्येही अशा बायका मरतात?" "बऱ्याच." "एकट्या?" "बहुतेक." बाबांनी लापशी शेवटच्या चमच्यापर्यंत संपवली. आत्या तर छताकडे बघत होती, जणू या बोलण्याशी तिचा काही संबंध नाही. बाहेर ऊन उतरलं होतं, स्टुडिओ बंद व्हायची वेळ झाली होती, आणि आता उठायला हवं होतं. "बाबा, फोटोचं काय करायचं?" मी विचारलं. "विद्यापीठालाही लागत असेलच की फोटो," ते म्हणाले, आणि सेलबेमावशीपुढे त्यांनी रिकामा वाडगा धरला.